खानदेशचे पाणी आणि माणसाचा कणा

खानदेशचा इतिहास लिहिणाऱ्यांनी फारुकी सुलतानांची थाळनेर-बऱ्हाणपूरची ठाणी, पेशवाईच्या अखेरची बंडाळी आणि 1818 नंतर कॅप्टन ब्रिग्जने वसविलेली धुळ्याची पेठ या सर्वांची यथायोग्य दखल घेतली. परंतु या मुलखातील रयत पिढ्यान्‌पिढ्या कोणते पाणी प्याली आणि त्या पाण्याने तिच्या अस्थींचे काय केले, हा प्रश्न त्यांनी वैद्यांवर सोपवून दिला. वास्तविक हा प्रश्न इतिहासाचाच आहे. कारण माणसाच्या पाठीचा कणा ज्या द्रव्यांनी घडतो वा बिघडतो, ती द्रव्ये त्याच्या गावच्या जमिनीतून आणि त्याच्या राज्यकर्त्यांच्या धोरणांतूनच त्याच्या घागरीत येतात.

पांझरा नदीच्या काठी, साक्रीकडे, फडपद्धतीचे जे बंधारे आजही उभे आहेत, त्यांचा आरंभ तीन-चार शतकांपूर्वीचा मानला जातो. नदीच्या पात्रात दगडचुन्याचा बंधारा घालावा, त्यातून पाट काढावा, पाटाच्या चाऱ्या आणि चाऱ्यांचे सारंग म्हणजे लहान पाट करावेत, उरलेले पाणी सांडमातून पुन्हा नदीला मिळावे, आणि या पाण्याखालची जमीन तीन-चार फडांत विभागून एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावे, अशी ही योजना. पाणी फिरविणारा पाटकरी, पीक राखणारा जागल्या आणि या सर्वांवर देखरेख करणारा हवालदार हे गावानेच नेमलेले, आणि त्यांचा मेहनताना धान्याच्या रूपाने. सरकारी हुकुमावाचून शेकडो खातेदारांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळलेली ही शिस्त मला खानदेशच्या कोणत्याही किल्ल्याहून अधिक गौरवास्पद वाटते. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तिचे महत्त्व असे की पाटाचे पाणी झिरपून काठच्या विहिरी भरत, आणि उन्हाळ्यात नदी आटली म्हणजे बाया वाळूत झिरा उकरून वाटीवाटीने घागर भरीत. ते पाणी पावसाळ्यात मुरलेले, अल्पकाळ भूमीत राहिलेले, चुनखडीने किंचित जड झालेले असे.

हे पाणी निर्दोष होते असे मात्र कोणी समजू नये. पायऱ्यांच्या बारवेत नारूचा रोगी उतरे, त्याच्या पायावरच्या फोडातून कृमीची पिल्ले पाण्यात सुटत, ती सूक्ष्म जलजंतूंच्या उदरात वाढत, आणि तेच पाणी पिणाऱ्याच्या पायातून वर्षभराने हातभर लांबीचा दोरा बाहेर डोकावे. तो काडीला गुंडाळून रोज थोडाथोडा ओढावा लागे, आणि तुटला तर पाय सुजून माणूस ऐन पेरणीत अंथरुणाला खिळे. महाराष्ट्र हा देशातील नारूग्रस्त प्रांतांपैकी एक होता. पायऱ्या बुजवाव्यात, बंद तोंडाचे पाणी द्यावे, हे धोरण म्हणूनच सर्वस्वी योग्य होते, आणि 2000 साली भारत नारूमुक्त जाहीर झाला ही गोष्ट अभिमानाचीच आहे.

त्याच्या कितीतरी आधी, 1972 साली, दुष्काळ पडला. खडक फोडणारी यंत्रे गावोगाव फिरू लागली, जालना आणि सोलापूर येथील मिशनांच्या कार्यशाळांत सुधारलेल्या हातपंपांतून पुढे ‘मार्क टू’ नावाचा पंप निघाला, आणि ज्या काळ्या बेसाल्टाच्या पोटातले पाणी आजोबांनी कधी चाखले नव्हते ते नातवाच्या तांब्यात आले. खोल खडकात दीर्घकाळ कोंडलेल्या पाण्यातील चुना घटतो, सोडियम वाढते, आणि चुन्याने जे फ्लोराइड बांधून ठेवले असते ते मोकळे विरघळून राहते. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. पाणी पारखणारी अनुभवी जीभ येथे निरुपयोगी ठरते.

असे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले म्हणजे प्रथम मुलांच्या दातांवर पिवळट-तपकिरी पट्टे उमटतात. पुढे अस्थी घट्ट होतात, आणि मणक्यांना बांधून ठेवणारे मृदू अस्थिबंध स्वतःच हाड बनू लागतात. मज्जारज्जू ज्या अरुंद नळीतून जातो तिची भिंत आतून जाड होत गेली की रज्जू चेपला जातो. माणसाला मान वळवता येत नाही, बाजूला पाहायचे तर सारे अंग फिरवावे लागते; पाय ताठरतात, वहाण पायातून केव्हा निसटली ते कळत नाही, सदऱ्याच्या गुंड्या लावताना बोटे चुकतात, आणि अखेरीस लघवीवरचा ताबाही जातो. अस्थिबंधाचे हाड होणे पाण्यावाचूनही घडते. जपानात 1960 पासून या विकाराचा फार बारकाईने अभ्यास झाला आहे, आणि तेथे आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. आपल्या देशात पाण्याचा हात प्रथम दाखविला तो 1937 साली, मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यात, शॉर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. नंतर नलगोंडा जिल्ह्याचे नाव या रोगाशी कायमचे जोडले गेले. महाराष्ट्रात चंद्रपूर आणि यवतमाळ येथील गावांनी त्याचे दुःख अधिक भोगले आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या फ्लोराइडबाधित जिल्ह्यांच्या यादीत धुळ्याचेही नाव आहे; याचा अर्थ जिल्हाभर रोग आहे असा नव्हे, तर काही ठिकाणच्या पाण्यात ते मर्यादेपलीकडे सापडले एवढाच. ती मर्यादा लिटरला 1 मिलिग्रॅम, आणि दुसरे पाणीच नसेल तर दीड.

रज्जूवरचा दाब शस्त्रक्रियेने हलका करता येतो, पण हाड झालेला बंध पुन्हा मऊ होत नाही. म्हणून खरा उपाय घागरीपाशीच करावा लागतो. नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने तुरटी आणि चुना यांच्या साहाय्याने फ्लोराइड काढण्याची स्वस्त रीत 1975 च्या सुमारास सिद्ध केली, तिला नलगोंड्याचेच नाव आहे. परंतु तुरटी घालावी तरी कोणत्या पाण्यात, हे तपासल्यावाचून कळणार कसे? सातबाऱ्यावर शेताला पाणी विहिरीचे की कूपनलिकेचे, याची नोंद तलाठ्याच्या दप्तरात होते, कारण सारा आणि पीक यांच्याशी तिचा संबंध आहे. गावच्या पिण्याच्या प्रत्येक कूपनलिकेची खोली आणि तिच्यातील फ्लोराइडचे प्रमाण याच दप्तरात, त्याच तलाठ्याच्या हातून दरसाल नोंदले जावे, आणि ते चावडीवर लावले जावे, एवढी मागणी खानदेशच्या प्रत्येक ग्रामसभेने केली पाहिजे.