संगणकाचा पडदा म्हणून दूरचित्रवाणी संच

दूरचित्रवाणी संच एचडीएमआय केबलने संगणकाला जोडून मॉनिटरप्रमाणे वापरता येतो. या दोहोंतील मुख्य फरक चित्रबिंदूंच्या घनतेचा असतो. १९२० × १०८० चित्रबिंदूंच्या २४ इंची मॉनिटरवर दर इंचास सुमारे ९२ चित्रबिंदू असतात. १३६६ × ७६८ चित्रबिंदूंच्या ३२ इंची दूरचित्रवाणी संचावर ते सुमारे ४९ असतात. त्यामुळे हातभर अंतरावरून वाचताना अशा संचावर देवनागरीतील मात्रा, अनुस्वार व जोडाक्षरे सुस्पष्ट दिसत नाहीत.

काही संच रंगांची माहिती चार चित्रबिंदूंना मिळून एकदाच दाखवतात. परिणामी रंगीत अक्षरांच्या कडा पुसट होतात. संचातील चित्रप्रक्रियेमुळे माउसची हालचाल पडद्यावर उशिरा उमटते. ‘गेम मोड’ निवडल्यास हा विलंब घटतो. दूर बसून चित्रपट पाहण्यास दूरचित्रवाणी संच, तर दीर्घकाळच्या वाचन-लेखनास मॉनिटर अधिक सोयीचा ठरतो.