भरतीची वाट

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गेल्या वर्षी माझ्या लेकीला सातवा महिना लागला. एक दिवस तिनं विचारलं, "अम्मी, तुझ्या नानीनं पाच मुलं घरीच वाढवली. कसलं इंजेक्शन नाही, औषध नाही. मलाही तसंच बाळंत व्हायचंय. त्याची तयारी कशी करायची?"

उरणजवळचं मोरा बंदर हे आमचं आजोळ. ही गोष्ट १९४०च्या दशकातली, अम्मीच्या तोंडून ऐकलेली. सुईण कोळीण, आम्ही मुसलमान. पण पहिली हाक तिलाच जायची. सातव्या महिन्यापासून ती येऊन बसायची. पोट चाचपून बाळाचं डोकं कुठं आहे ते सांगायची. नानीला चालतं-फिरतं ठेवायची, उकिडवं बसायची सवय लावायची. कळा सुरू झाल्या की आढ्याला दोर बांधायची आणि पाठ चोळत म्हणायची, "बाय, मी हाय ना." बाळ रडलं की नाना त्याच्या कानात अजान देत. तेवढा वेळ ती दाराशी गप्प उभी राहायची.

तिकडे विलायतेत वाट उलटी चालली होती. एडिंबरोच्या डॉ. सिम्प्सन यांनी १८४७ साली बाळंतपणात क्लोरोफॉर्म वापरला. राणी व्हिक्टोरियानं १८५३ साली तो घेतला आणि लोकांची भीड चेपली. पुढे १९३३ साली ग्रँटली डिक-रीड या इंग्रज डॉक्टरनं नैसर्गिक बाळंतपणावर पुस्तक लिहिलं. भीतीनं अंग आवळतं आणि आवळलेल्या अंगाला कळ जास्त लागते, असं त्याचं म्हणणं. लामाझ या फ्रेंच डॉक्टरनं १९५१ साली सोव्हिएत संघात पाहिलेली श्वासाची आणि मनाच्या तयारीची पद्धत पॅरिसला नेली. आमच्या सुईणीनं यातलं काही वाचलं नव्हतं. पण भीती घालवायला शेजारी माणूस लागतं, हे तिला ठाऊक होतं.

एवढं ऐकून लेक खूश झाली. मग मी तिला उरलेली गोष्ट सांगितली. नानीच्या पाच मुलांतलं एक तिच्या धाकट्या बहिणीचं होतं. बाळ सुखरूप आलं, पण रक्त थांबेना. दवाखाना मुंबईला, मधे समुद्र, आणि वेळ ओहोटीची. धक्क्याशी नुसता चिखल; मचवा हलेना. भरती आली तेव्हा ती गेली होती. सुईण तिथंच होती. तिच्या हाती प्रेम होतं, रक्त थांबवायचं औषध नव्हतं.

कल्याणला जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांचं बाळ दहा दिवसांत गेलं होतं. त्यांनी १८८६ साली अमेरिकेत डॉक्टरची पदवी घेतली, तेव्हा प्रबंधाला विषय निवडला तो हिंदू समाजातल्या प्रसूतिशास्त्राचा. त्याच वर्षी मुंबईत बायकांसाठी कामा हॉस्पिटल सुरू झालं. मोऱ्याच्या बाईला मात्र पुढची कितीतरी वर्षं तिथं पोचायला भरतीची वाट पाहावी लागली.

नानीनं औषधाविना बाळंत होणं निवडलं नव्हतं; तिच्यापुढे दुसरं काही नव्हतंच. निवड करायची तर दोन्ही वाटा मोकळ्या हव्यात. म्हणून लेकीला म्हटलं, तयारी दुहेरी कर. चाल, श्वास शिक, सोबतीला कोण ते ठरव. आपल्या पसंतीचं माणूस जवळ असावं, बाईला हिंडू-फिरू द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटनेनंही २०१८ साली सांगितलं आहे. पण त्याचबरोबर रक्तदाब आणि हिमोग्लोबिन तपास, रक्तगट लिहून ठेव, हॉस्पिटल आणि गाडी आधी ठरव. आता उरणपर्यंत रेल्वे आहे, २०२४पासून अटल सेतूही आहे. १०८ क्रमांक फिरवला की रुग्णवाहिका येते.

लेक हॉस्पिटलातच बाळंत झाली. दहा तास तिनं कळा सोसल्या, मग स्वतःच इंजेक्शन मागितलं. नंतर ओशाळून म्हणाली, "तुझ्या नानीला काय वाटलं असतं गं?"

मी म्हटलं, "नानीनं बाळाला मांडीवर घेतलं असतं आणि बहिणीच्या आठवणीनं डोळे पुसले असते."