पूर्वेकडील पेढी आणि घरचे शिफारसपत्र

गेल्या चैत्रात ज्ञातीतील एक होतकरू तरुण आमच्या घरी आला. एका बँकेत चार वर्षे नोकरी झालेली, आता सिंगापूर किंवा दुबई येथील एखाद्या बँकेत जाण्याची इच्छा. चालचलणुकीचा दाखला मागावयास तो आला होता, परंतु उठता उठता त्याने विचारले, "गुरुजी, परदेशी बँकेत ओळखीवाचून शिरकाव होतो काय?" आम्ही जन्मभर मुलांना इतिहास शिकविला; हिशेबाच्या वह्यांशी आमचा संबंध शाळेच्या फी-बुकापुरताच. तरीही या प्रश्नाने आम्हांस एका जुन्या पेढीची हकीकत आठवली. तीच येथे ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहो.

ही पेढी म्हणजे हाँगकाँग अँड शांघाय बँकिंग कॉर्पोरेशन. हिच्या जन्मास आमची मुंबईच निमित्त झाली, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. अमेरिकेत 1861 पासून यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस बंद झाला आणि मुंबईच्या कापसास सोन्याचा भाव आला. त्या भरात मुंबईच्या सावकारांनी चीनच्या व्यापारासाठी एक बँक काढण्याचा बेत केला. ही वार्ता 1864 साली हाँगकाँगला पोहोचताच पी. अँड ओ. आगबोट कंपनीचे तेथील स्कॉटिश अधिकारी टॉमस सदरलँड यांनी, मुंबईकरांच्या आधी आपणच बँक काढावी, असा निश्चय केला. त्यांच्या प्रारंभीच्या मंडळात पारशी व्यापारी होते आणि मुंबईच्या ससून घराण्यातील आर्थर ससूनही होते. बँक 3 मार्च 1865 रोजी उघडली. त्याच वर्षी अमेरिकेतील युद्ध संपले, मुंबईचा शेअरबाजार कोसळला आणि मुंबईकरांचा बेत जागच्या जागी विरला. दुसऱ्याच्या घाईने एकाचे कार्य व्हावे, असे हे घडले.

आता या पेढीत नोकरीस कोण गेले ते पाहावे. प्रारंभीच्या साहेबांत स्कॉटलंड आणि आयर्लंड येथील मुलांचा भरणा मोठा होता. स्कॉटलंडात बँका जुन्या, शिस्तीच्या. मुलगा पंधरा-सोळा वर्षांचा झाला की गावच्या शाखेत उमेदवारीस लागे. परंतु उमेदवार फार आणि वरच्या जागा थोड्या. मग तो लंडनच्या कचेरीस अर्ज करी. अर्जास जोड लागे ती शिफारसपत्राची : गावचा पाद्री, शाखेचा मॅनेजर, बापाचा एखादा स्नेही. मुलाची बुद्धी परीक्षेने कळते. परंतु सहा हजार मैलांवर तिजोरीची किल्ली हाती दिल्यावर तो कसा वागेल, हे त्याचे घर ओळखणाराच सांगू शकतो, अशी त्या काळच्या बँकवाल्यांची समजूत होती. आमच्या ज्ञातिसंस्था जे करीत आल्या तेच हे काम. फक्त तिकडे त्यास कोणी ज्ञातीचे नाव दिले नाही.

टॉमस जॅक्सन हा आयरिश मुलगा. 1841 चा जन्म. बेलफास्टला बँकेत उमेदवारी करून तो आग्रा बँकेच्या नोकरीत 1864 साली हाँगकाँगला गेला. दोनच वर्षांत लंडनच्या बाजारात हाहाकार उडाला, त्या बँकेने व्यवहार थांबविला, आणि परक्या बंदरात हा तरुण नोकरी शोधू लागला. नव्या हाँगकाँग बँकेने त्यास घेतले. 1876 साली तो तिचा मुख्य व्यवस्थापक झाला आणि मधल्या काही रजा सोडल्या तर 1902 पर्यंत त्याच खुर्चीवर राहिला. त्याचा पुतळा हाँगकाँगच्या भर चौकात आहे. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी तो उचलून नेला होता, तो पुढे परत आला.

या नोकरीची किंमतही मोठी होती. लंडनच्या कचेरीत वर्ष-दोन वर्षे खर्डेघाशी करावी, मग एके दिवशी हुकूम येई आणि आगबोटीत बसावे लागे. कोठे पाठवतील ते आपल्या हाती नाही. बँकेच्या परवानगीवाचून लग्न करता येत नसे. ती परवानगी बहुधा दहा वर्षांच्या नोकरीनंतर. म्हणजे विशीत निघालेला मुलगा तिशी उलटेपर्यंत एकटा. आमच्या माताभगिनींनी याचा विचार करावा.

1881 साली जन्मलेल्या दोन मुलांची गोष्ट येथे सांगितलीच पाहिजे. एक इंग्रज, बाप हाँगकाँगात न्यायाधिकारी. 1900 साली हा मुलगा याच बँकेच्या लंडन कचेरीत लागला. पूर्वेस जाण्याच्या कल्पनेनेच त्याच्या पोटात गोळा येई. रात्री बसून तो गोष्टी लिही, आणि 1902 साली त्याने नोकरी सोडली. हाच पुढे जगप्रसिद्ध झालेला विनोदी लेखक पी. जी. वुडहाउस. दुसरा आमच्या मुंबईचा पारशी मुलगा सोराबजी पोचखानावाला. तो इंग्रजांच्या चार्टर्ड बँकेत कारकून होता. त्याच्या अंगी हुशारी होती, परिश्रम होते. परंतु साहेबाची खुर्ची हिंदी माणसास नव्हती. ज्यास खुर्ची मिळत होती तो पळाला, आणि ज्यास हवी होती त्यास दाराशीच थांबविले! पोचखानावालांनी 1911 साली सर फिरोजशहा मेहतांस अध्यक्ष करून सेंट्रल बँक ऑफ इंडिया काढली.

हाँगकाँगातही तोच न्याय. कारकून मकावचे पोर्तुगीज, आणि चिनी गिऱ्हाइकांची हमी घेणारा चिनी मुनीम. त्यास तिकडे काँप्रडोर म्हणत. त्याने स्वतः जामीन द्यावा, कोणी चिनी व्यापारी बुडाला तर भरपाई करावी, आणि तरीही साहेबांच्या पंक्तीस त्यास पान नसावे. असा एक मुनीम, लो हॉक-पांग, 1892 साली बँकेस मोठ्या तोट्यात टाकून परागंदा झाला. त्याचा बाप त्याच बँकेचा पहिला मुनीम. घराण्याची ओळख म्हणजे सचोटीची खात्री नव्हे, हेही यावरून दिसते.

तथापि त्या साहेबांस केवळ ऐषारामी म्हणणे अन्यायाचे होईल. 25 डिसेंबर 1941 रोजी हाँगकाँग पडले. जपान्यांनी बँकेच्या अधिकाऱ्यांस धरून त्यांच्याकडून नोटांवर बळेच सह्या करून घेतल्या. मुख्य व्यवस्थापक सर व्हँडेलर ग्रेबर्न यांनी छावणीतील कैद्यांस चोरून पैसे पोहोचविले, म्हणून त्यांस तुरुंगात टाकले. तेथेच ऑगस्ट 1943 मध्ये त्यांचा अंत झाला. युद्धानंतर त्या सक्तीच्या नोटाही बँकेने मान्य केल्या.

आपल्या लोकांस परदेशी बँकेची खुर्ची मिळाली ती बव्हंशी आपल्याच बँकांमुळे. बँक ऑफ इंडियाने 1946 साली लंडनला शाखा उघडली. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने 1908 साली निघालेली बँक ऑफ बडोदा 1953 साली मोंबासा आणि कंपाला येथे गेली. तेथेही स्थैर्य नव्हते. 1967 साली टांझानियाने बँका सरकारजमा केल्या, आणि 1972 साली युगांडातून आशियाई लोकांस नव्वद दिवसांत घालवून दिले.

हे सर्व आम्ही त्या तरुणास एका बैठकीत सांगितले. चहा दोनदा झाला. आज बँका पाद्र्याचे पत्र मागत नाहीत, लग्नासही आडकाठी करीत नाहीत, हे त्याने आम्हांस सांगितले. मग आम्ही विचारले, "आईस सांगितलेस काय?" तो गप्प राहिला. वडील नाहीत, बहीण सासरी, घरी आई एकटी. आम्ही म्हटले, "आधी तिच्याशी बोल, दाखला तोवर लिहून ठेवतो." चौथ्या दिवशी तो आईसह आला. त्या माउलीने पत्र स्वतः दोनदा वाचले, घडी केली आणि आपल्या पिशवीत ठेवले.