हॉट रॉडचे कूळ

जुन्या, स्वस्त मोटारीचे अनावश्यक भाग काढून आणि इंजिनाची ताकद वाढवून केवळ वेगासाठी नव्याने बांधलेल्या गाडीला हॉट रॉड म्हणतात. हा प्रकार १९२० आणि १९३०च्या दशकांत दक्षिण कॅलिफोर्नियात रुजला, आणि त्याचे कारण तेथील तरुणांच्या साहसापेक्षा भंगाराच्या भावात शोधावे लागते. फोर्डच्या मॉडेल-टी आणि मॉडेल-ए गाड्या लाखोंनी खपल्यामुळे त्यांचे सांगाडे मातीमोल मिळत, तर लॉस एंजेलिसपलीकडच्या वाळवंटातील म्युरॉकसारखी कोरडी सरोवरे मैलोन्‌मैल सपाट जमीन फुकट पुरवीत. मडगार्ड, बॉनेट आणि पुढची काच उतरवून वजन घटवणे, तसेच इंधन-हवेचे मिश्रण अधिक दाबले जावे म्हणून सिलिंडरचे हेड घासणे, ही कामे साध्या गॅरेजातही जमत. झडपांची उघडझाप ठरवणारा कॅमशाफ्ट घडवणे मात्र एड विनफिल्ड यांच्यासारख्या मोजक्या कारागिरांनाच साधले.

१९३२ साली फोर्डने ६५ अश्वशक्तीचे व्ही-८ इंजिन सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात आणले आणि या उद्योगाला त्याचे खरे दैवत लाभले. व्हिक एडलब्रॉक यांनी त्यासाठी दोन कार्ब्युरेटर बसतील असा मॅनिफोल्ड, म्हणजे मिश्रण सिलिंडरांपर्यंत नेणारी ओतीव नळजोडणी, तयार केला आणि रोजच्या वापरातील आपली रोडस्टर १९४१ मध्ये ताशी १२१ मैलांपर्यंत पळवली. महायुद्धानंतर बिल बर्क यांनी लढाऊ विमानांच्या टाकाऊ इंधनटाक्यांनाच गाडीचे अंग बनवले. जानेवारी १९४८ मध्ये रॉबर्ट पीटरसन यांचे ‘हॉट रॉड’ मासिक निघाले, आणि १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी राष्ट्रीय संघटना उभारून रस्त्यावरच्या शर्यतींना आखलेल्या पट्टीवर आणले.

या गाड्यांचे मूळ साहित्य मुंबईतही होते, कारण फोर्डची भारतीय कंपनी येथे १९२६ मध्ये आली आणि जनरल मोटर्सने १९२८ पासून शिवडीला मोटारी जोडल्या. परंतु १९५३च्या धोरणाने देशात उत्पादन करण्याचा कार्यक्रम नसलेल्या कंपन्यांना बाहेरची वाट दाखवली, नवी गाडी दुर्मीळ झाली, आणि मिस्त्रींचे कसब वेगाऐवजी आयुष्य वाढवण्याकडे वळले. अवजड डॉज-प्लिमथ गाड्यांमध्ये डिझेल इंजिन बसवणे हे तंत्राच्या दृष्टीने हॉट रॉडवाल्यांच्याच जातीचे काम होय, फक्त त्यामागे इंधनाचा हिशेब होता. पुढे कॅलिफोर्नियातच शिकलेल्या दिलीप छाब्रिया यांनी १९९३ मध्ये मुंबईत ‘डीसी डिझाइन’ सुरू केली, तीही मुख्यतः बाह्यरूप आणि अंतर्सजावट बदलण्यासाठी.

मीरा-भाईंदरमधील हाटकेशच्या औद्योगिक गाळ्यांत एखाद्या जाणकाराने आज असा सांगाडा लेथ आणि वेल्डिंगच्या बळावर उभा केला, तरी तो रस्त्यावर आणणे कठीण आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने मूळ नोंदवलेल्या तपशिलांपासून दूर जाणारा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्याचा काटेकोर अर्थ लावला. गाडी जुनी आहे, ही सबबही पुरत नाही, कारण २०२१च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नोंदणी दिली खरी, पण चेसिस, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट घालून.