पुण्यातील एड्स-लसीची चाचणी आणि माकडांची साक्ष

फेब्रुवारी २००५ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत एड्स-प्रतिबंधक लसीची भारतातील पहिली मानवी चाचणी सुरू झाली. ३० निरोगी स्वयंसेवकांवरील या चाचणीचा प्रधान हेतू लसीची सुरक्षितता तपासणे हा होता. तिचे ऐतिहासिक महत्त्व मात्र निराळे आहे. माकडात दिसलेला प्रतिकार मनुष्यात कितपत उतरतो, हा प्रश्न तिने पुढे आणला.

भारतात प्राबल्य असलेल्या ‘सी’ उपप्रकाराच्या एच.आय.व्ही.ची निवडक जनुके ‘ॲडेनो-सहचारी’ या निरुपद्रवी विषाणूच्या कवचात घालून ही लस सिद्ध केली होती. एस.आय.व्ही. या माकडांच्या विषाणूची जनुके घेऊन केलेली तशीच लस मकाक माकडांना टोचली असता प्रतिपिंडे व पेशीय प्रतिसाद दोन्ही उद्भवले आणि पुढे संसर्ग घडविल्यावर विषाणूची वाढ आटोक्यात राहिली. बेल्जियम, जर्मनी व पुणे येथील स्वयंसेवकांत लस सुरक्षित ठरली. प्रतिसाद मात्र क्षीणच राहिला.

या तफावतीचे एक संभाव्य कारण वाहकात आहे. हा विषाणू मनुष्यात निसर्गतःच वावरतो व अनेकांच्या रक्तात त्याविरुद्धची प्रतिपिंडे आधीच असतात. दुसरे कारण नमुन्याच्या स्वरूपात आहे. या संशोधनातील प्रमुख प्राणी म्हणजे भारतीय वंशाचे लाल तोंडाचे माकड. बुलढाणा जिल्ह्यात लोणारच्या विवरात दिसणारे काळ्या तोंडाचे वानर नव्हे. भारताने १९७८ मध्ये या माकडांची निर्यात बंद केल्यावर अमेरिकेतील प्रजननकेंद्रांतील त्यांच्या वंशजांवर ही भिस्त राहिली. एस.आय.व्ही. मात्र मुळात आफ्रिकी माकडांचा विषाणू होय. म्हणजे एका खंडातील प्राण्यात दुसऱ्या खंडातील विषाणू घालून तिसऱ्याच रोगाविषयी अनुमान केले जात होते.

२००७ मध्ये दुसऱ्या एका लसीची मोठी मानवी चाचणी निष्फळ ठरून थांबविण्यात आली. तिला बळ देणारा माकडांवरील पुरावा मुख्यतः सहज आवरता येणाऱ्या संकरित विषाणूपुरता होता. अधिक कठोर एस.आय.व्ही.पुढे तशीच लस तोकडी पडली होती. तात्पर्य, माकडांनी खोटी साक्ष दिली नव्हती. त्यांना विचारलेला प्रश्नच सोपा होता.

२००९ मध्ये त्याच ‘सहचारी’ वाहकातून प्रतिपिंडसदृश प्रथिनांची जनुके थेट स्नायूत पोहोचवून बहुसंख्य माकडांचे संरक्षण साधण्यात आले. शरीराकडून प्रतिसादाची अपेक्षा करण्याऐवजी तयार शस्त्र पुरविण्याचा हा मार्ग होता. पुण्यातील क्षीण प्रतिसाद या दृष्टीने केवळ अपयश ठरत नाही. मनुष्यावरील सावध, लहान चाचणीवाचून माकडांच्या साक्षीचे मोल ठरत नाही, हेच त्याने दाखविले.