दिवा कुणाच्या हुकमाने लागावा? मिडी ऑर्गनवरील प्रकाशित बटणांची जुळणी

संगीत नाटकाच्या साथीला जो पायाचा ऑर्गन असे, त्याची खुंटी, म्हणजे स्टॉप, बाहेर ओढलेली दिसली की तिचा स्वरसंच चालू आहे, हे वादकाला नजरेनेच कळे. हाउप्टवेर्क किंवा ग्रँडऑर्गसारख्या, संगणकावर चालणाऱ्या ऑर्गनमध्ये हे काम बटणातल्या दिव्याकडे येते. कल्पना नवी नाही. ब्रिटनमधील जॉन कॉम्प्टन यांच्या कंपनीने १९३० च्या दशकातच आतून उजळणारे स्टॉप आपल्या काही ऑर्गनांवर बसवले होते.

दिव्याने बटण दाबले गेले की नाही हे सांगायचे नसून स्टॉप चालू आहे की नाही हे सांगायचे असते. या दोन गोष्टी एकच वाटतात, पण पिस्टन दाबेपर्यंतच. पिस्टन म्हणजे आधी साठवून ठेवलेली स्टॉपांची जुळणी एका दाबात लावणारे बटण. तो दाबला की वीसेक स्टॉप बदलतात, आणि त्यांच्या बटणांना कुणी हातही लावलेला नसतो. काही कंट्रोलर चालू-बंदचा हिशेब स्वतःकडेच ठेवतात आणि दिवाही स्वतःच लावतात. असा दिवा पहिल्याच पिस्टननंतर खोटा ठरतो. शिवाय चालू झालेला स्टॉप बंद करायला जावे, तर कंट्रोलर त्याला पुन्हा ‘चालू’चाच संदेश धाडतो आणि बटण दोनदा दाबावे लागते. वाजवता वाजवता हे परवडत नाही. म्हणून बटणाने फक्त ‘दाबले’ एवढेच कळवावे, स्थिती सॉफ्टवेअरने पालटावी आणि दिव्याचा हुकूमही तिकडूनच यावा.

मिडी या वाद्य-संदेशांच्या भाषेतला हा हुकूम कसा असतो, ते नोव्हेशनच्या २००९ मधल्या पहिल्या लाँचपॅडवर, म्हणजे चौसष्ट प्रकाशित बटणांच्या चौकटीच्या कंट्रोलरवर, नीट दिसते. ओळ आणि स्तंभ शून्यापासून मोजायचे; ओळीला १६ ने गुणून स्तंभ मिळवला की बटणाचा नोट क्रमांक निघतो. तिसऱ्या ओळीतले पाचवे बटण म्हणजे ३६. रंग व्हेलॉसिटीतून ठरतो: लाल ० ते ३, अधिक हिरव्याची १६ पट, अधिक १२. दोन्ही रंग पूर्ण दिले की ६३, म्हणजे भरदार पिवळसर नारिंगी. दोन्ही एकेक दिले की २९, त्याच रंगाचा मंद दिवा. तेव्हा पहिल्या चॅनलवर १४४ (नोट-ऑन), ३६, ६३ हे तीन आकडे पाठवले की ते बटण उजळते. स्वरनावांवर मात्र विसंबू नये. ६० क्रमांकाला कुणी सी-३ म्हणतो, कुणी सी-४. लाँचपॅडच्या नंतरच्या पिढ्यांत क्रमांक आणि रंगांचे कोष्टक दोन्ही बदलले आहेत, त्यामुळे आपल्या यंत्राचीच पुस्तिका पाहावी.

बंद स्टॉपचा दिवा पूर्ण विझवू नये, असे माझे ठाम मत आहे. अंधाऱ्या जागी काळे बटण सापडतच नाही. पण सॉफ्टवेअर बंद करताना नोट-ऑफ पाठवत असेल, तर दिवा विझणारच. यासाठी दोन्ही वेळा नोट-ऑनच पाठवावा: चालूला ६३, बंदला २९. फरक उजेडाचा ठेवल्यामुळे लाल-हिरव्यात गोंधळणाऱ्या वादकाचीही अडचण होत नाही. रंग मग स्टॉपांची कुळे दाखवायला मोकळे राहतात. पातीने वाजणाऱ्या रीड-स्टॉपांची नावे लाल अक्षरांत लिहिण्याची जुनी रीत आहे, तेव्हा त्यांना लाल द्यावा.

वेगाची काळजी नको. मूळ मिडी तारेवर सेकंदाला ३१,२५० बिट जातात, म्हणजे तीन बाइटांच्या एका संदेशाला सुमारे १ मिलिसेकंद. वीस दिव्यांचे संदेश सुमारे २० मिलिसेकंदांत जातात.

क्रेसेंडो पेडलचा प्रश्न थोडा वेगळा आहे. परंपरेने ते स्टॉप आतल्या आत वाढवते, खुंट्या हलत नाहीत. म्हणून स्टॉपांचे दिवे तसेच राहू द्यावेत आणि पेडलसाठी एक स्वतंत्र दिवा राखावा.

चौसष्ट बटणे भरण्याआधी एकच स्टॉप जोडून पाहा. तो चालू असताना एका पिस्टनवर साठवा, मग जनरल कॅन्सल (सगळे स्टॉप बंद करणारे बटण) दाबा, पिस्टन दाबा, शेवटी पडद्यावर माउसने तो बंद करा. दिवा आधी मंद, मग भरदार, मग पुन्हा मंद झाला, तरच पुढच्या बटणाकडे वळा.