खाण्याच्या द्राक्षांच्या मुलखातील शिराझ

पुणे परिसरातील द्राक्षविद्या मुख्यतः खाण्याच्या द्राक्षासाठी घडली आणि लाल वाईनला लागणारे फळ नेमके त्याच्या उलट गुणांचे असल्यामुळे, या जिल्ह्यातील वाईनचा इतिहास हा बागाइतदारांनी एकाच वेलीची दुसरी विद्या शिकण्याचा इतिहास आहे. पुणे-नाशिक पट्ट्यात एकेकाळी भोकरी ही जात प्रमुख होती आणि वेल पांगाऱ्याच्या जिवंत खांबांवर चढवले जात. पुढे गणेशखिंडीच्या बागेत डॉ. चीमा यांनी पांढरी साहेबी या जातीच्या रोपांतून निवड करून ‘चीमा साहेबी’ पुढे आणली. त्यानंतर थॉमसन सीडलेस आली, तेव्हा बिनबियांचा, पातळ सालीचा, टपोरा मणी हेच चांगल्या द्राक्षाचे लक्षण ठरले. मणी फुगावा म्हणून कोवळा घड जिब्रेलिक आम्लाच्या, म्हणजे वाढीस चालना देणाऱ्या संजीवकाच्या, द्रावणात बुडवून काढण्याचे काम आजही बागांमध्ये मजूर घडागणिक करतात.

लाल वाईनच्या शिराझ या जातीचा मणी मात्र लहान, काळा, जाड सालीचा आणि बियांचा असतो. लाल वाईनचा रंग रसात नसून सालीत असतो आणि तोंडाला कोरड आणणारे टॅनिन साल व बियांतून उतरते. म्हणून रस सालीसकट आंबवला जातो व मणी जितका लहान, तितके रसाच्या मानाने सालीचे प्रमाण वाढून वाईन गडद व भरदार होते. इराणातील शिराझ शहराशी या जातीचे नाते जोडणारी कथा सर्वत्र सांगितली जाते, परंतु विसाव्या शतकाच्या अखेरीस कॅलिफोर्निया आणि फ्रान्समधील संशोधकांनी केलेल्या जनुकीय तपासणीत दुरेझा आणि माँद्यूझ ब्लांश या आग्नेय फ्रान्समधील दोन जाती तिच्या जनक ठरल्या. ऱ्होन नदीच्या खोऱ्यात ती ‘सिराह’ म्हणून वाढली आणि १८३०च्या दशकात जेम्स बझ्बी यांनी युरोपातून नेलेल्या कलमांमुळे ऑस्ट्रेलियात रुजली.

पुणे जिल्ह्यात आधुनिक वाईनउद्योगाचा पाया १९८०च्या दशकात नारायणगावी शामराव चौगुले यांच्या इंडाज कंपनीने घातला. तिची ख्याती प्रथम ‘ओमर खय्याम’ या फेसाळ वाईनमुळे झाली. फ्रान्समधील शँपेन प्रांताचे तांत्रिक साहाय्य घेऊन जुन्नर तालुक्यातील वाईन परदेशात विकली जावी, ही त्या काळी मोठीच झेप होती. २००१ साली राज्य शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर करून महाराष्ट्रातील द्राक्षांच्या वाईनला उत्पादन शुल्कात सवलत दिली, तेव्हा शेतकरी करारावर शिराझ आणि कॅबर्ने सोव्हिन्यों लावू लागले आणि दौंड तालुक्यातील रोटी येथेही मोठी वायनरी उभी राहिली.

या वाईनच्या स्वभावाचे मूळ मात्र धोरणापेक्षा छाटणीत शोधावे लागते. युरोपात वेल हिवाळ्यात झोपतो आणि फळ उन्हाळ्याच्या अखेरीस पिकते. दख्खनमध्ये वेल झोपतच नाही, म्हणून एप्रिलच्या सुमारास काडी तयार होण्यासाठी खरड छाटणी आणि पावसाळा ओसरताना फळासाठी गोडी छाटणी, अशा दोन छाटण्या करून पीक कोरड्या हवेत आणले जाते. फळ भरत असताना रात्री थंड असतात, त्या रंगाला पोषक ठरतात. परंतु काढणी लांबून मार्चचे ऊन लागले की साखर झपाट्याने चढते, आम्लता उतरते आणि वाईन जड, मुरंब्यासारखी होते. शिराझला मिऱ्याचा वास देणारे रोटंडोन हे द्रव्यही थंड प्रदेशात अधिक टिकते, त्यामुळे इथल्या शिराझमध्ये मिऱ्यापेक्षा पिकलेल्या काळ्या फळांचा गंध पुढे येतो. हा तिचा दोष मानणे योग्य नव्हे, कारण ती या हवामानाची खरी ओळख आहे. आम्लता राखण्यासाठी काढणीचा दिवस अचूक साधणे, यातच इथल्या वाईनकाराचे कसब आहे.

२००८ नंतरच्या मंदीत मागणी घटली, इंडाज कर्जात बुडाली आणि कराराची द्राक्षे उचलली जाईनात, तेव्हा महाराष्ट्रात अनेकांनी वाईनच्या जाती काढून पुन्हा खाण्याची द्राक्षे लावली. संशोधन मात्र पुण्यात चालू राहिले. १९९७ साली स्थापन झालेल्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात वाईनच्या जाती आणि त्यांना मानवणारे खुंट यांचा अभ्यास होतो, तर आघारकर संशोधन संस्थेने अमेरिकी कटावबा आणि युरोपीय कुळातील ब्यूटी सीडलेस यांच्या संकरातून ‘एआरआय-५१६’ ही बुरशीला दाद न देणारी जात सिद्ध केली असून तिच्यापासून रस, जॅम आणि लाल वाईन तयार करता येते.